अठरा मिनिटांचं अंतर

कराडच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान सांगलीच्या धावपट्टीवर किती वेळात उतरतं, हे केरबाला कुणी विचारलं नाही तरी तो सांगून टाकायचा. हवेतून चाळीस मैल, अठरा मिनिटं. वारा समोरचा असला तर वीस. हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की जणू ते चाळीस मैल त्यानंच हातानं ओढून जवळ आणलेत. तसा तो पट्टीवरचा साधा राखणदार. फौजेतून सुटून आल्यावर ही नोकरी लागली. विमान यायचं असलं की पट्टीवरची गुरं हाकलायची, वारा कुठला आहे ते वरून दिसावं म्हणून ओल्या गवताचा धूर करायचा, आणि विमान किती वाजता आलं, किती वाजता गेलं ते वहीत लिहायचं. पण रोज लिहिलेले आकडे माणसाला हळूहळू स्वतःच्या मालकीचे वाटू लागतात. केरबाचं तसंच झालं होतं.

त्याची थोरली बहीण बनुबाई सांगलीकडच्या पट्टीला लागूनच असलेल्या एका वाडीत दिली होती. आई गेली तेव्हा केरबा चार वर्षांचा होता. या आक्कानंच त्याला न्हाऊमाखू घातलं, कडेवर घेऊन शेतं तुडवली, आणि लग्न होऊन निघाली तेव्हा नवऱ्यापेक्षा भावाकडंच बघून रडली. अशी बहीण. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात दोघांची गाठ पडली, तर या बहाद्दरानं तिलासुद्धा अठरा मिनिटं ऐकवली.

आक्का हसली. "अठरा मिंटं व्हय? मग दोन वरसांत एकदा बी तुझं पाय माझ्या दाराला का लागलं न्हाईत रं? आमी चालत यायचो म्हायेराला. तासगावच्या फुडं पयला मुक्काम. दुसऱ्या दिशी दुपारी पलूसच्या फाट्यावर, चिंचंखाली भाकरी. रातच्याला ताकारीत पाठ टेकायची, आन तिसऱ्या दिशी दिवं लागायला म्हायेरच्या दारात. तरी वरसाचा फेरा कवा चुकला न्हाई."

केरबाही हसला होता. पण बोलणं लागलं होतं त्याला, आणि लागलेलं कुणाजवळ बोलून दाखवण्याची त्याला सवय नव्हती.

चौऱ्याहत्तर सालचा भादवा होता. उसावर पाकोळीची कीड पडलेली आणि औषध फवारणारी छोटी विमानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत घिरट्या घालत होती. त्या मंगळवारी केरबा पट्टीच्या कडेचं गवत काढत बसला होता. हवेत औषधाचा उग्र वास, अंगाला ऊन चिकटलेलं. साडेनऊच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. पलीकडं सांगलीच्या पट्टीवरचा राखणदार लालासाहेब होता. तो आक्काच्याच वाडीतला.

"केरबा, आक्कांचं काय खरं न्हाई गड्या," लालासाहेब ओरडून बोलत होता, कारण फोनमध्ये नुसती खरखर होती. "साडेसातला त्यांच्या दारातनंच हिकडं आलोय. तवापास्नं टरंककाल लावतोय, आत्ता लागला बघ."

"शुद्धीवर हाय का?"

"हाईत. सारखं तुझंच नाव घेत्यात. केरबाला एक सांगायचंय, म्हनत्यात. हरिबादाजी म्हनलं, मला सांग, मी सांगतो त्याला. तर म्हनल्या, तुमास्नी न्हाई. त्यालाच."

"काय सांगायचंय?"

"ते कुनाला ठावं? तू ये. जसा असशील तसा ये."

केरबा घरी धावला. घर, तेच आक्काचं माहेर, पट्टीपासून अर्ध्या मैलावर. बायको अंजना चुलीपुढं होती. तासगावकडची एस.टी. एक वाजता होती, म्हणजे पोचायला चार. एक वाजेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं त्याला शक्यच नव्हतं.

"मी चालायला लागतो," तो म्हणाला. "वाटंत ट्रक म्हना, बैलगाडी म्हना, काय मिळंल ते धरतो. न्हाईच मिळालं तर चालत."

"सबंध चालत?" अंजना म्हणाली. "आक्कांना माझं नाव सांगा. आन बऱ्या झाल्या की हिकडंच घिऊन या त्यास्नी."

खांद्याला पिशवी अडकवून तो निघाला. धावपट्टीचं कुंपण संपतं तिथं मैलाचा दगड आहे. तिथवर पोचला आणि त्याच्या पाठीमागं विमानाचं इंजिन सुरू झालं. भाटिया कॅप्टनचं दोन सीटचं विमान. ते साडेदहाला सांगलीला जाणार हे केरबानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं होतं, आणि जगाला अठरा मिनिटं सांगत फिरणाऱ्या या माणसाला नेमकं तेच सुचलं नव्हतं! दगडापाशी तो थबकला. डोकं मागं वळ म्हणत होतं आणि पाय मात्र पुढं ओढत होते, कारण पायांना आक्काची वाट माहीत होती, विमानाची नव्हती. मग तो वळला आणि पट्टीकडं पळत सुटला. वळताना अंगातून काहीतरी सुटून मागं राहिल्यासारखं वाटलं. त्यानं पिशवी चाचपली. पिशवी खांद्याला होती.

भाटिया दिलदार माणूस. ऐकल्याबरोबर त्यानं शेजारच्या सीटवरची कागदपत्रं मागं टाकली. "बैठ जाओ, जवान. बहन का मामला है."

दहा चाळीसला विमानानं जमीन सोडली. इतकी वर्षं विमानांसाठी गुरं हाकलली, पण केरबा विमानात बसला पहिल्यांदाच. कानात इंजिनाची घरघर भरून राहिली. विमान वळलं तेव्हा खाली रस्ता दिसला, आणि त्या रस्त्यानं कुणीतरी एकटाच चालला होता. खांद्याला पिशवी, किंचित डाव्या पायावर झुकलेली चाल. बिचारा, असं केरबाच्या मनात आलं. ह्याला कुठं जायचं असेल कोण जाणे, आणि आपण बघा, अठरा मिनिटांत. एवढ्या दुःखातसुद्धा त्याला आपल्या नशिबाचं थोडं कौतुक वाटलं.

कृष्णा मागं पडली. उसाचे हिरवे तुकडे, मग पलूस, मग काळी रानं. केरबाचं लक्ष घड्याळावर होतं. पंधरावं मिनिट लागलं असेल. तासगावच्या बाजूचा रस्ता खाली आला, आणि त्यावरून एक बाई चालत होती. कराडच्या दिशेनं. पदराचं टोक डाव्या मुठीत धरलेलं, उजवा हात लांब झोकत टाकलेला. असं चालताना केरबानं जन्मात एकच बाई पाहिली होती. विमान डोक्यावर आलं तेव्हा ती थांबली. कपाळावर आडवा हात धरून तिनं वर पाहिलं. तीन हजार फुटांवरून माणसाचा चेहरा दिसत नाही. केरबाला दिसला.

"आक्का!" तो काचेवर आपटलाच.

"क्या हुआ?"

"साब... नीचे मेरी बहन है. रास्ते में."

भाटियानं वाकून पाहिलं. "इतने ऊपर से तो बैल भी चींटी लगता है. घबराओ मत. अभी पहुँचते हैं."

केरबानं मान वळवून मागं पाहिलं. ती बाई पुन्हा चालू लागली होती. तिला घाई दिसत नव्हती.

दहा अठ्ठावन्नला विमान सांगलीच्या पट्टीवर टेकलं. अठरा मिनिटं, एक कमी नाही की जास्त नाही. लालासाहेब धुमसणाऱ्या गवताच्या ढिगाऱ्यापाशी उभा होता. नेहमी तो विमान थांबायच्या आत पळत यायचा. आज जागचा हलला नाही. डोक्यावरची टोपी तेवढी त्यानं काढून हातात घेतली, आणि केरबा समजला.

"कवा?"

"आठाला. मी फोन जोडत बसलो हुतो तवाच. तुझ्याशी बोलताना मला बी ठावं न्हवतं रं."

केरबा काहीतरी बोलणार होता. आत्ता तर तिला मी... एवढं तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. हे कुणाला सांगायचं आणि कसं?

घरात बायका रडत होत्या. आक्काला अंगणात निजवलं होतं. केरबा तिच्या उशाशी बसला. अठरा मिनिटं, दोन वर्षं, काय काय त्याच्या डोक्यात फिरत होतं. रडू मात्र येईना. दाजी त्याच्या शेजारी येऊन टेकला. म्हातारा खचला होता.

"लय वाट बघितली तुझी," हरिबा हळू आवाजात म्हणाला. "फाटंपास्नं दाराकडं डोळं. मग आठाच्या आदी एकदम शांत झाली. म्हनली, त्यो न्हाई येत. मग मीच जाऊन येते. असं म्हनली आन... पाय हालवायला लागली. चालताना हालवत्यात तसं. बारीक बारीक. मग थांबलं."

केरबानं आक्काच्या पायांकडं पाहिलं. नुकतीच आंघोळ घातलेली. थोरली सून ओल्या फडक्यानं तळपाय पुसत होती. पुसून झाल्यावर ती उठली, आणि थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा पुसू लागली.

"काय झालं गं?" केरबानं विचारलं.

"मामा, मगाधरनं तिसऱ्यांदा पुसतीय," ती पुटपुटली. "फुफाटा बसतोय पायांवर... अंगन तर सारवल्यालं हाय."

केरबा वाकला. तळपायांच्या भेगांत तांबूस धूळ भरलेली होती, आणि टाचेला गवताचं एक कुसळ टोचलं होतं. ते त्यानं बोटांनी उपसून काढलं. कुणाला दाखवलं नाही.

दुपारी माती झाली. केरबा तिथंच राहिला. अंजनाला तार करावी असं मनात आलं होतं, पण तार आली म्हटल्यावर बाई ती वाचून घ्यायच्या आधीच हंबरडा फोडेल. त्यापेक्षा आपण जाऊन तोंडानंच सांगावं, असं त्यानं ठरवलं. रात्री झोप लागेना. तो हिशेब करत पडून राहिला. आठाला निघाली. अकराच्या आत तासगावचा रस्ता. म्हणजे पहिला मुक्काम तासगावच्या पुढं. उद्या दुपारी पलूसचा फाटा. असे हिशेब करायला माणूस वेडा असावा लागतो हे त्याला कळत होतं. पण फौजेत असताना कुठली तुकडी कधी कुठं पोचेल याचे हिशेब त्यानं अनेक रात्री केले होते, आणि ते चुकले नव्हते.

गुरुवारी सकाळी राख सावडली. दुपारच्या एस.टी.नं तो परत निघाला. खिडकीशी बसून रस्त्याची कड बघत होता. साडेचारच्या आसपास गाडी पलूसच्या फाट्यावर थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. समोर जुनी चिंच, तिच्या बुंध्याशी दगडाचा पार, आणि बाजूला दादासोचं पत्र्याचं हॉटेल. केरबा खाली उतरला. विचारू नये असं वाटत होतं आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"काल दुपारी हिकडनं एक म्हातारी गेली का वो? चालत?"

दादासो चहा गाळत होता. त्यानं वर पाहिलं आणि हसला. "चेष्टा करताय व्हय पावनं? काल तुमीच की तिच्यासंगं."

"मी?"

"मग कोन? हीच पिशवी, ह्योच सदरा. म्हातारी आदी आली, तासगावकडनं. पारावर बसली. च्या देऊ का म्हनलं, तर म्हनली, भाऊ येतोय, त्यो आला की दोघं मिळून घिऊ. घटकाभरानं तुमी आलासा, कराडकडनं. गुडघ्यापतोर फुफाटा. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं तुमचं. मी म्हनलं बी, एवढ्या बाप्याला बारक्या पोरावानी पुसतीय."

केरबानं पाराकडं पाहिलं. "मग?"

"मग काय? ती तासभर सांगत हुती आन तुमी नुसतं मान हालवत हुतासा. मदीच रडलासा. आता सगळं मीच सांगू का तुमास्नी?"

"काय... काय सांगत हुती ती?"

दादासोचं हसू मावळलं. तो केरबाकडं नीट बघू लागला. "ते मी कसं ऐकू? गिऱ्हाइकाच्या बोलन्यात मी कान घालत न्हाई. उठताना तुमी बोललासा तेवढं कानावर आलं."

"काय बोललो?"

"तुमी म्हनलासा, बरं झालं आक्का, चालत निघालो. त्या इमानात बसलो असतो, तर तुझी-माझी चुकामूक झाली असती."

भीती नंतर वाटली. आधी केरबाच्या काळजात उसळला तो मत्सर. चार वर्षांचा असताना आक्का दुसऱ्या कुणाचं पोर कडेवर घ्यायची तेव्हा उसळायचा, अगदी तसा. जे ऐकायला तो ऊर फुटेस्तोवर धावला होता, ते ती सांगून मोकळी झाली होती. पूर्ण तासभर. त्याच्याच सदऱ्यातल्या, त्याच्याच तोंडाच्या कुणाला तरी. आणि तो मात्र त्या वेळी तिच्या राखेची वाट बघत एका ओसरीवर बसला होता.

"कुनीकडं गेली दोघं?" त्यानं विचारलं.

"कराडकडं. म्हायेराला जायचंय म्हनली म्हातारी. आज दिवं लागायला पोचंल बघा."

कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी कराडला सहाला पोचणार होती. सहा, सव्वासहा, म्हणजे दिवे लागायची वेळ. केरबाचा पाय पायरीवर अडला. पुढची गाडी घ्यावी. रात्र इथंच काढावी. उद्या, परवा, कधीतरी जावं. मग त्याला अंजना आठवली, घरात एकटी. आणि हेही खरं की आक्काला एकदा बघायचंच होतं त्याला, कशीही असली तरी. तो गाडीत चढला.

सगळा रस्ता तो बाहेर बघत होता. ताकारी गेलं. उसातून संध्याकाळ उतरत होती. रस्त्यानं गुरं परतत होती, बाया डोक्यावर भारे घेऊन चालल्या होत्या. ती दोघं कुठं दिसली नाहीत. दिसली असती तर काय केलं असतं, हे त्याला सांगता आलं नसतं.

मैलाच्या दगडापाशी तो उतरला. तिथून घरापर्यंतची वाट त्यानं हळूहळू तुडवली. दार लोटलेलं होतं, फटीतून चिमणीचा उजेड येत होता. भाकरीचा आणि लसणीच्या फोडणीचा वास. दाराबाहेर दोन वहाणजोड काढून ठेवले होते, धुळीनं माखलेले. एक बाईचा. दुसरा त्यानं वाकून बघितला, मग स्वतःच्या पायांतला बघितला. डावी टाच दोन्हींची सारखीच झिजलेली होती.

आत अंजना मोकळ्या आवाजात बोलत होती. किती तरी दिवसांनी ती इतकी खुशीत होती. "घ्या की आक्का आनी अर्धी. तीन दिस चालून आलासा तुमी."

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्या बाईचं हसू. केरबाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत न आलेलं रडू आत्ता, इथं, स्वतःच्या लोटलेल्या दारापुढं आलं. त्यानं कडीला हात लावला. कडी वाजली.

आतलं बोलणं थांबलं.

"आवं," अंजना म्हणाली, "दारात कोन आलंय बगा की जरा."

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. आणि मग आक्काचा आवाज, लहानपणी त्याला ताटावर बसवताना असायचा तसा मऊ.

"तू उठू नगंस. पोटभर जेव केरबा. मी बगते."

पावलं दाराकडं येऊ लागली. बाहेर उभ्या असलेल्या माणसानं आपलं नाव सांगायला तोंड उघडलं, पण त्याला नाव आठवेना.